दुसरी पिचकारी

नानासोंचं रक्त जिभेवर आलं तेव्हा वजीर अत्तार, बी. एस्सी., याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की रबर फारच आखूड झालं आहे. दुसरा विचार आलाच नाही. तोंडात एक कोमट, खारट, किंचित लोखंडी ठिपका होता, लहानपणी रहाटाची साखळी चाटून बघितली होती तशा चवीचा. समोर सांगलीच्या धर्मादाय दवाखान्याचे अध्यक्ष नानासो डाव्या हाताचं बोट पुढे करून बसले होते आणि थुंकावं तर कुठे, हा प्रश्न होता. अध्यक्षांचं रक्त अध्यक्षांच्या देखत थुंकणं बरं दिसलं नसतं. वजीरने ते गिळलं.

रक्त तपासायच्या ह्या कामात एवढं तोंड घालावं लागतं हे बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतं. काचेची एक बारीक नळी असते, आत सुईच्या नेढ्याएवढं भोक, अंगावर एक रेघ. नळीचं एक टोक बोटावरच्या थेंबाला लावायचं, दुसऱ्या टोकाला रबर, आणि रबराच्या टोकाला माणूस. माणसाने श्वास अगदी बेताने आत घ्यायचा, रक्त रेघेपर्यंत चढलं की जिभेने रबर बंद करायचं. म्हणजे ह्या यंत्रात पंप म्हणून जे काही असतं ते पगार घेणारा मनुष्य असतो, इतकंच पुस्तकात लिहिलेलं नसतं. रबर चांगलं वीतभर लांब असलं तर चूक झाली तरी वाटेतच अडते. पण रबर मलायातून यायचं, मलाया जपान्यांनी घेतला, आणि असलेलं रबर टोकाला चिरलं की वजीर तेवढं कापून टाकायचा. असं कापता कापता ते करंगळीएवढं राहिलं. त्याने वर कळवलं होतं. त्या साली साताऱ्याच्या बाजूला सरकारं दोन होती, एक दिसणारं आणि एक चालणारं. सांगलीत तिसरं, संस्थानचं. तिन्हींपैकी एकाकडेही रबर नव्हतं.

नानासोंनी त्याच्या गळ्याची हालचाल पाहिली होती. हळदीच्या व्यापाऱ्याला समोरच्याचा गळा कधी हलतो ते बरोबर कळतं. “तोंडात गेलं काय वो?” त्यांनी विचारलं. खोटं बोलता आलं असतं. का बोललो नाही, याचा वजीरने पुढे पुष्कळ विचार केला आणि सत्यप्रियतेशी त्याचा काही संबंध नव्हता, असं त्याच्या लक्षात आलं. त्याला नानासोंचा चेहरा बघायचा होता. गेलं, तो म्हणाला. नानासोंनी बोटाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून त्यांनी जे विचारलं ते कुणीही विचारलं असतं.

“कसं लागलं?”

“खारट.”

“खारट म्हंजे?”

“मिठासारखं.”

नानासोंची निराशा झाली असावी. त्यांच्या घराण्याचं रक्त पानिपतावर सांडलं होतं, असं ते सत्काराच्या प्रत्येक उत्तरात सांगत. तिथे न सांडलेला एक ठिपका इतक्या वर्षांनी सांगलीत एका अत्ताराच्या पोटात जातो आणि तो म्हणतो मिठासारखं. “सगळ्यांचं तसंच असतंय?” त्यांनी विचारलं. वजीर म्हणाला, मी सगळ्यांचं चाखलेलं नाही.

यावर दवाखान्याच्या मंडळाची सभा झाली. सभेत एक वकील होते, एक शास्त्रीबोवा होते, डॉक्टर होते, आणि नेहमीप्रमाणे चहा होता. विषय असा होता की बाटलं कोण. ज्याचं रक्त गेलं तो, की ज्याच्या तोंडात गेलं तो? शास्त्रीबोवा म्हणाले की उष्ट्याचा विचार झालेला आहे, भांड्याचा झालेला आहे, पण मनुष्य हेच भांडं आणि त्यातलं दुसऱ्याने उष्टं केलं, असा प्रसंग पूर्वी कुणी कल्पिलेला नाही. त्यांनी मुदत मागून घेतली. वकिलांचं म्हणणं पडलं की रक्त अंगातून बाहेर पडलं त्या क्षणी नानासोंची त्यावरची मालकी संपली. नानासोंना ते आवडलं नाही. त्यांची कोणत्याच गोष्टीवरची मालकी इतक्या सहज संपत नसे. वजीर दाराशी उभा होता. त्याच्याही घरात रक्त निषिद्धच होतं, आणि तेही भलत्या दिवशी, रोज्यात. पण तुझं काय झालं रे, असं सभेत कुणी विचारलं नाही. ही त्यांची उदारता म्हणायची. शेवटी ठराव झाला की यापुढे दवाखान्यात कुणाचंही रक्त कुणीही तोंडाने ओढू नये. मग कशाने ओढावं, हे ठरावात नव्हतं. त्यासाठी बी. एस्सी. ठेवलेला होता.

खरं म्हणजे वजीरला आनंद झाला. ठरावामागचं कारण मूर्ख असलं तरी ठराव शहाणा होता, आणि आपल्या देशात याहून जास्त अपेक्षा ठेवणारा मनुष्य लवकर म्हातारा होतो. तोंडाचा त्याला कंटाळा आला होता. कुणी खोकत असायचं, कुणाच्या अंगावर देवीचे वण असायचे, आणि मधे एवढीशी नळी. दुपारी दवाखाना बंद झाला की तो ज्ञानू सायकलवाल्याच्या दुकानात जाऊन बसू लागला. ज्ञानू पंक्चर काढायचा आणि वजीर चाकाच्या तारांकडे बघत राहायचा. तार आणि तिच्या टोकाला फिरणारं पितळी निपल. निपल फिरवलं की तार केसभर सरकते. त्या केसभर सरकण्यावर अख्खं चाक सरळ राहतं. हे त्याने हजारदा पाहिलं होतं आणि एका दुपारी पहिल्यांदा दिसलं. काचेची जाड नळी घ्यायची, तिच्यात तार दट्ट्यासारखी बसवायची, व्हॅसलीनमध्ये बुडवलेली चामड्याची चकती मधे घालायची, म्हणजे हवा निसटणार नाही. तारेचं वाकडं डोकं खाचेत अडकवायचं, म्हणजे तार फिरणार नाही, नुसती मागेपुढे होईल. पुढे लाखेने ती रेघेची बारीक नळी. निपल उलटं फिरवलं की रक्त आपोआप रेघेपर्यंत येऊन थांबतं, श्वास नाही, जीभ नाही, माणूस नाही. ज्ञानूने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “ह्याला ब्रेक कुठं हाय रं गड्या?” ते सगळं ब्रेकच होतं, दुसरं काही नव्हतं.

हे जुळवताना वजीरला वारंवार साताऱ्याचं दुकान आठवायचं. वडील मांडी घालून बसलेले, समोर कुप्या, आणि कुपीच्या बुचाला लागलेली काचेची काडी. गिऱ्हाइकाच्या मनगटावर ते एक काडी अत्तर टेकवायचे. एक काडी हेच माप. पण काड्या दोन होत्या, एक जाड आणि एक बारीक. ओळखीच्याला जाड, परक्याला बारीक, आणि दोन्हींचं नाव एक काडीच. वजीरला हे बऱ्याच उशिरा कळलं. त्याने वडिलांना विचारलं. त्यांनी त्याचं मनगट ओढून घेतलं, हिन्याचा एक थेंब टेकवला आणि हात सोडला. कोणत्या काडीने, ते त्याला दिसलं नाही. दिवसभर तो मनगट नाकाला लावत हिंडला. वास खूप आहे असं कधी वाटायचं, कधी वाटायचं अगदीच कमी आहे. अजूनही विज्ञानाच्या पुस्तकात ‘एकक’ हा शब्द आला की त्याच्या मनगटाला थोडी खाज सुटते. बापाबद्दल त्याच्या मनात राग नव्हता. पोरगं बी. एस्सी. झालं ते त्या बारीक काडीच्या जिवावर, हे त्याला ठाऊक होतं.

गावाने यंत्राचं नाव पिचकारी ठेवलं. तोंड लागत नाही म्हटल्यावर वकिलांच्या आळीतले लोकही तपासून घ्यायला येऊ लागले, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं ते तर आधी. रक्तात किती दम आहे ते टक्क्यांत निघतं, आणि टक्के म्हटलं की सांगलीत मनुष्याला मॅट्रिक आठवते. अमक्याचे ब्याऐंशी, तमक्याचे अठ्ठ्याऐंशी, अशी चर्चा घाटावर चाले. एका निवृत्त मामलेदारांनी आपले टक्के कमी पडले म्हणून फेरतपासणीचा अर्ज केला. आणि दुसऱ्या बाजूने मनुबाईसारखी माणसं यायची, त्यांची समजूत निराळीच होती. मनुबाई कवठे महांकाळकडची. तिकडे पाऊस पडला नाही म्हणून नवऱ्याबरोबर सांगलीला आली होती आणि नानासोंच्या वखारीत हळद निवडायला बसायची. तिची बोटं पेरापेरांपर्यंत पिवळी होती. टोचलं की पिवळ्यावर लाल थेंब उभा राहायचा, आणि वजीर दरवेळी क्षणभर पिचकारी लावायचं विसरायचा. रक्त काढणं हे तिच्या लेखी औषधच होतं. गावी धुळा तुंबडीवाला शिंग लावून नासकं रक्त ओढून काढायचा आणि अंग हलकं व्हायचं. इथे हा शिकलेला मनुष्य इतका थाटमाट करून मुंगीला पुरणार नाही एवढं काढतो, याचा तिला संशय यायचा.

“आवं मास्तर, एवढ्यानं काय हुतंय?” ती म्हणायची. “आमचा धुळा तांब्याभर काढतोय. सरकारी हाय म्हणून इतकं कमी काढता व्हय?”

वजीर तिला समजावून सांगायचा की बाई, तुझ्या अंगात आधीच कमी आहे, काढायचं नाही, मोजायचं आहे. मोजून काय हुतंय, असं ती विचारायची. ह्याला विज्ञानाजवळ उत्तर होतं, ते फार लांबलचक होतं आणि त्याच्या शेवटी कुणीतरी तिला खायला द्यायला हवं होतं. तिचे टक्के एक्केचाळीस होते.

मग एका सकाळी नानासो पुन्हा आले. जिना चढला की त्यांना दम लागायचा, डोळ्यांच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या, आणि डॉक्टरांना पुढचं औषध ठरवायला आकडा हवा होता. त्यांच्या आधी बाकावर मनुबाई बसलेली होती आणि नंतर त्यांच्याच वखारीतला हमाल आकाराम, जो पाठीवर पोतं घेऊन शीळ घालत चालायचा आणि फक्त मनुबाईला सोबत म्हणून आला होता. वजीरने तिघांचंही पाहिलं. नानासो एकोणसत्तर. आकाराम ब्याण्णव. नानासोंनी दोन्ही आकडे ऐकून घेतले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते व्यापारी होते. हिशोब जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी आधी मापाकडे पाहिलं.

“माझ्या आदी ती बाई बसलेली. तिचं पातळ रक्त नळीत ऱ्हायलं, त्ये माझ्यात मिसळलं. आन माझं ऱ्हायलं त्ये ह्या आकारामच्यात गेलं. म्हणून ह्याचं ब्याण्णव.”

वजीर म्हणाला की प्रत्येकाच्या नंतर नळी पाण्याने, स्पिरिटने आणि इथरने धुतली जाते.

“धुतल्यानं जातंय व्हय?” नानासो म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरं आश्चर्य होतं. “असं करा मास्तर. दुसरी एक पिचकारी करा. एक आपल्या लोकांस्नी, एक बाकीच्यांस्नी. पुढल्या सभेला घिऊन या. जमत नसंल तर तसं सांगा. वकिलांचा भाचा इंटर सायन्स झालाय. त्यो तोंडानं ओढंल, आन त्याचं तोंड चालतंय आमाला.”

एवढंच. नोकरी टिकवायची तर दुसरी पिचकारी, नाहीतर भाच्याचं तोंड. त्या संध्याकाळी वजीर दवाखान्यातून घरी न जाता कृष्णेच्या काठाने चालत सुटला. हरिपूरच्या रस्त्याला जमिनीतल्या पेवांतून हळद काढायचं काम चाललं होतं आणि हवेला तो कोंदट, उबदार वास होता. नाही म्हणावं, असं त्याला पहिल्या पावलाला वाटलं आणि पुढच्याच पावलाला नाही म्हणणाऱ्या माणसांचे फोटो आठवले, हार घातलेले. आपल्यावर हार शोभणार नाही. शिवाय नाही म्हणायचं तर काय कारण सांगायचं? सगळ्यांचं रक्त लाल असतं, हे वाक्य त्याने इतक्या व्यासपीठांवरून इतक्या गोऱ्या-गोमट्या माणसांच्या तोंडून ऐकलं होतं, की ते ऐकलं की त्याला जांभई यायची. लाल तर माठाची भाजीसुद्धा असते. आणि त्याच्या धंद्यात रक्त लाल राहतच नव्हतं. अ‍ॅसिडात सोडलं की ते तपकिरीसारखं होतं, मग त्यात थेंब थेंब पाणी घालायचं, शेजारच्या ठरलेल्या काचेच्या रंगाशी रंग जुळेपर्यंत. मनुबाईचा रंग फार लवकर जुळायचा. दोन-चार थेंबांतच तिचं रक्त संपायचं, बिनदुधाच्या, दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं दिसायचं. रक्त सगळ्यांचं सारखं नसतं, हेच तर त्याने रोज सकाळी बसून शोधून काढलं होतं. आणि ते लपवायचं असेल तर सगळ्यात सोपा मार्ग कोणता? तो थांबला. एक म्हैस त्याच्याकडे बघत पाण्यात बसली होती. सोपा मार्ग म्हणजे दोन मापं ठेवायची.

नानासोंच्या दुकानात धान्याची दोन मापटी होती, एक घ्यायचं आणि एक द्यायचं. वरून दोन्ही सारखी, आतून एकाचा तळ जरा उचललेला. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कुणी काही म्हणत नसे, आणि दसऱ्याला दोन्हींना सारखंच कुंकू लागायचं. आता ती युक्ती रक्तापर्यंत आली होती. दोन पिचकाऱ्या झाल्या की मनुबाईचे एक्केचाळीस हे मनुबाईचे राहणार नाहीत, ते पिचकारीचे होतील. सभेत कुणीतरी चहा पिता पिता म्हणेल, ती दुसरी ना, ती कमीच दाखवते. आणि नानासोंचे एकोणसत्तर हळूहळू चढतील, कारण त्यांची पिचकारी त्यांच्यासारखीच घरंदाज असेल. फरक माणसांतून उठून काचेत जाऊन बसेल. आणि काचेला कोण जेवायला घालणार? आपल्याला राग आला आहे हे वजीरला उशिरा कळलं, कारण तो रागाने पाय आपटत चालत नव्हता, उलट अगदी सावकाश चालत होता, हातात भरलेली कुपी असल्यासारखा. गळ्यात ती जुनी खारट चव आल्यासारखी वाटली. ह्या माणसाचं रक्त माझ्या अंगात आहे, त्याच्या मनात आलं, म्हणजे मी त्याचा कोण लागतो? भाऊबंद? भाऊबंदकी म्हटली तर जुळत होतं.

घरी त्याच्या बायकोने, नूरजहांने, सगळं ऐकून घेतलं. ती भाकरी थापत होती आणि थापता थापता म्हणाली की दोन मागितल्या तर दोन करा, हात दुखतायत का? वजीर म्हणाला, प्रश्न हाताचा नाही. मग कशाचा, तिने विचारलं. मानाचा असेल तर तसं सांगा. “तुमी न्हाई म्हणून घरी याल, तुमचा मान ऱ्हाईल. आन तिथं त्यो भाचा बसंल. त्याला त्या हळदीवाल्या बाईचा आकडा कमी आला तर लिवायला सुदा कंटाळा यील. मग तुमच्या मानाचं काय लोणचं घालायचं?” वजीरला राग आला आणि भाकरी गरम होती म्हणून तो खायला बसला. रागावलेल्या माणसाला बायकोचं बरोबर असणं फार झोंबतं.

त्याने दुसरी पिचकारी केली. ज्ञानूने तार दिली, चामडं चपलेच्या जुन्या पट्ट्यातून निघालं. दुसरी पहिलीपेक्षा सुबक झाली, आणि याचं त्याला वाईट वाटलं. आपले हात आपल्या मताप्रमाणे चालत नाहीत, त्यांना चांगलं काम दिसलं की ते कुणासाठी आहे हे विचारतच नाहीत. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून तो स्टुलावर बसला. आता एकच राहिलं होतं. दुसरीचं माप पहिलीइतकंच आहे हे बघायचं. दवाखान्यातला तराजू औषधाच्या पुड्यांचा होता, त्याला असली बारीक वजनं कळत नसत. म्हणजे रीत एकच: एकाच बोटातलं रक्त दोन्हींनी घ्यायचं, दोन्हींचा रंग जुळवायचा, आकडा एक आला तर दुसरी खरी. नाही आला तर निपल हलवायचं आणि पुन्हा एकाच बोटाला दोन्ही लावायच्या. दुसरा मार्ग नाही. त्या स्टुलावर बसल्या बसल्या वजीरला हळूहळू हसू यायला लागलं, आधी पोटात, मग खांद्यांत. वेगळी ठेवायची म्हणून जी केली, ती खरी आहे हे कळायला तिला पहिली लावलेल्याच बोटाला लावावंच लागतं. न लावली तर ती माप नाही, काचेची शोभेची वस्तू आहे. हे त्याने ठरवलेलं नव्हतं. हे त्याने बंड म्हणून केलेलं नव्हतं. हे मोजण्याच्या पोटातच होतं, आणि मोजणं नानासोंनीच मागितलं होतं.

सभेच्या दिवशी सकाळी बाकावर पहिली मनुबाई होती. वजीरने तिला सांगितलं की आज दोनदा टोचणार. तिचा चेहरा उजळला. तिने दोन्ही हातांची मधली बोटं पुढे केली, तो म्हणाला एकाच बोटातून, ती म्हणाली तुमची मर्जी. पहिलीने एक्केचाळीस. दुसरीने चव्वेचाळीस. निपल हलवून पुन्हा दोन्हींनी. एक्केचाळीस. तोपर्यंत तिचं बोट चार वेळा टोचून झालं होतं आणि ती समाधानाने अंगठ्याने कापूस दाबून बसली होती. आज जरा मनासारखं काढलं, असं तिने शेजारच्या बाईला सांगितलं, आता गुण येईल. वजीरला पहिल्यांदाच तिची समजूत काढावीशी वाटली नाही. तिच्यानंतर त्याने आकारामचं दोन्हींनी घेतलं, आणि मग स्वतःचं. तिघांचेही जोडीने जुळले. स्वतःच्या टोचलेल्या बोटाकडे बघताना त्याला जाणवलं की आपण इतकी वर्षं दुसऱ्यांची बोटं धरतो आहोत आणि आपले टक्के कधी पाहिलेच नव्हते. ते पंच्याहत्तर होते. बी. एस्सी.ला त्याहून कमी मिळाले होते.

सभेला तीच माणसं होती आणि तोच चहा. शास्त्रीबोवांची मुदत अजून संपली नव्हती. वकिलांच्या मागे त्यांचा भाचा उभा होता, ओठांवरून जीभ फिरवत. नानासो जिना चढून आल्यामुळे खुर्चीत मागे रेलून धापा टाकत होते, आणि डॉक्टर त्यांच्या पापण्यांकडे बघत होते. वजीरने दोन्ही पिचकाऱ्या टेबलावर ठेवल्या.

“झाली?” नानासोंनी विचारलं.

“झाली.”

“ह्यातली आपली कंची?”

वजीर म्हणाला, दोन्ही. मग त्याने सावकाश, वर्गात सांगावं तसं, दुसरीचा ताळा कसा घ्यावा लागतो ते सांगितलं. एक बोट, दोन नळ्या. सभा ऐकत होती, कारण तो इतक्या नम्रपणे बोलत होता की कुठे अडवावं ते कुणाला कळेना. नानासोंनी विचारलं, कुणाचं बोट? वजीरने नावं सांगितली. मनुबाई, आकाराम, आणि मी. बशीवर कप ठेवल्याचा आवाज झाला. वकील म्हणाले, ठीक आहे, एकदा झालं ते झालं, आता स्वच्छ धुऊन एक बाजूला ठेवा. वजीर म्हणाला की तसं चालणार नाही, चामडं उन्हाने आक्रसतं, पावसाने फुगतं, ताळा रोज सकाळी घ्यावा लागेल. रोज? रोज. कुणाच्या बोटावर? जो पहिला येईल त्याच्या. नानासो येणार असतील तर नानासोंच्या, पण त्यांना पहाटे बाकावर येऊन बसावं लागेल, कारण मनुबाई लवकर येते.

“आन तुमी ताळा न्हाईच घेतला तर?” नानासोंनी विचारलं.

“तर मी आकडा सांगणार नाही. ह्या दोन्हींचाही नाही, कुणाचाही नाही. तोंडाने ओढायचं असेल तर हे आहेतच.” त्याने भाच्याकडे पाहिलं. “पण तोंडाचाही ताळा लागतो. त्यांना माझ्या शेजारी बसून एकाच बोटातलं ओढावं लागेल.”

भाच्याची जीभ आत गेली. त्याने मामांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मामांनी मान हलवली. कुणाचं बोट, हे सकाळी बाकावर कोण बसलं असेल त्यावर ठरणार होतं, आणि इंटर सायन्सच्या अभ्यासक्रमात ते नव्हतं. वजीर उभाच होता.  नोकरी जाणार असेल तर ती आता, ह्या वाक्यानंतर जाईल, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि वाट पाहत राहिला. खिडकीतून वखारींचा पिवळा वास आत येत होता. बाहेर कुणीतरी शीळ घालत पोतं उतरवत होतं.

नानासोंनी दोन्ही पिचकाऱ्या आळीपाळीने हातात घेतल्या, तळाकडून पाहिल्या, प्रकाशात धरल्या. धान्याचं माप ते असंच बघायचे. कुठेही तळ उचललेला नव्हता. “तिसरी करा,” ते शेवटी म्हणाले. “कुणालाच न लावलेली.”

“करतो की,” वजीर म्हणाला. “आणि तिचा ताळा मनुबाईच्याच बोटावर घेतो.”

कुणी हसलं नाही. डॉक्टर घसा साफ करून म्हणाले की अध्यक्षसाहेब, मागचा आकडा तुम्ही मानला नाही, आज नवा मिळाला नाही तर मी इंजेक्शन ठरवू शकत नाही, आणि आणखी थांबणं मला पसंत नाही.  नानासोंची छाती वरखाली होत होती, आणि तेवढ्या काळात सभेतल्या प्रत्येकाने आपापल्या बोटांकडे एकदा पाहून घेतलं. मग त्यांनी डावा हात टेबलावर सरकवला, अर्धा, जणू चहाचा कप शोधायला.

“कंच्या पिचकारीनं?” त्यांनी विचारलं.

“हाताला येईल तिने,” वजीर म्हणाला, आणि त्यांचं बोट धरलं.